मुखपृष्ठावरची जागा

आतली खोली बंद का, असं इथे येणारे सगळेच विचारतात. दुरुस्ती चालू आहे, असं मी सांगून टाकते. पण तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत, शिवाय बाहेर अंधारून आलंय, आता कोणी यायचं नाही. बसा. सांगते.

परदेशातून शिकून परतले ती एक ध्यास घेऊनच. जुनी रहस्यकथांची मासिकं, खिशात मावणाऱ्या खुनांच्या कादंबऱ्या, यांच्या मुखपृष्ठांचं संग्रहालय उभं करायचं. दवाखान्यात ताटकळणाऱ्या, गल्ल्यावर जांभया देणाऱ्या माणसांना ज्या चित्रांनी रंगांची गोडी लावली, त्यांना कोणी कला म्हणायला तयार नव्हतं. गोष्ट वाचून झाली की अंक रद्दीत. मला त्याचा मनापासून राग यायचा, अजूनही येतो. मी ते अंक शोधून आणायचे, गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढायचे, पानं उन्हाला न लावता वाळवायचे आणि एकेक अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे. घरभर बुरशीचा वास. धाकटी बहीण नाक दाबून म्हणायची, "ताई, रद्दीवालीच व्हायचं होतं तर एवढ्या लांब जायची काय गरज होती?"

त्यातला एक चित्रकार माझा फार लाडका. त्याने एकाच मासिकाची मुखपृष्ठं वर्षानुवर्षं रंगवली आणि दर महिन्याला एकच विषय घेतला. वरून पाहिलेली जमीन आणि तिच्यावर पालथं पडलेलं प्रेत. कधी बाई, कधी वकील, कधी सर्कशीतला विदूषक. कपडे बदलायचे, खोली बदलायची, पडण्याची ढब तीच. उजवा हात डोक्याच्या वर, डावा पोटाखाली, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. त्या आखूड पायावर मी प्रबंधात अख्खं प्रकरण लिहिलं होतं. समाजाचा तोल ढळल्याची ती खूण आहे, असं त्यात मी सिद्ध केलं होतं. परीक्षकांनी माना डोलावल्या होत्या.

चित्रकार वारले होते. ह्याच घरात त्यांची विधवा सून एकटी राहायची. शाळेत गणित शिकवायच्या, सगळे त्यांना बाई म्हणायचे. मूळ चित्रं बघायला मी एका रविवारी दुपारी आले आणि फोटोसाठी दिवे धरायला धाकटीला ओढून आणलं.

बाई ठेंगण्या, खांदे पडलेल्या. "चित्रं हवी तेवढी घ्या," त्या म्हणाल्या. "खोलीसकट घेतलीत तरी माझी ना नाही."

त्यांनी आतली खोली उघडली. चित्रकार जाऊन इतकी वर्षं झाली, तरी टर्पेंटाइनचा वास ताजा होता. उंच खिडकीतून पांढरा, सपाट उजेड पडत होता. भिंतींवर ओळीने ती सगळी प्रेतं. एका कोपऱ्यात मात्र वेगळीच चित्रं रचून ठेवलेली. कंपासने काढलेलं डोकं, पट्टीने आखलेलं धड, काठ्यांसारखे हातपाय. अगदीच बाळबोध, पण पडण्याची ढब तीच. आणि खोलीच्या मधोमध, जमिनीवर, पांढऱ्या रेघेने आखलेली माणसाची आकृती.

मी हरखून गेले. धाकटीला समजावून सांगू लागले, की असं करतात, मॉडेलभोवती खडू फिरवून ठेवतात. म्हणजे चहा पिऊन आलेलं माणूस परत नेमकं तस्संच आडवं होतं. आकृती ठेंगणी होती आणि तिचे दोन्ही पाय सारखे होते. हे मी पाहिलं आणि सोडून दिलं.

"खुणेच्या आत पाय टाकू नका," बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

मी काय केलं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. जाहिरातीचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. जुनं मुखपृष्ठ आणि शेजारी तेच दृश्य, आजच्या मुलीचं.

"पड ना दोन मिनिटं पालथी."

"तुझ्या संग्रहालयापायी आता मी मरूसुद्धा?"

"फोटोपुरतं गं."

"मरते. पण संध्याकाळचं जेवण तुझ्याकडून. आणि माझा चेहरा नको हं यायला, ऑफिसात बोंब होईल."

ती हसत हसत आडवी झाली. धाकटी माझ्याहून उंच, बाईंपुढे तर ताडमाड. पाय रेघेच्या बाहेर येणार, ते कसे लपवावे, ह्या विचारात मी स्टुलावर चढले आणि कॅमेऱ्यातून पाहिलं.

ती बरोब्बर बसली होती. कुठे केसाएवढी फट नव्हती. लहानपणी दारात सापडून तिची करंगळी वाकडी झाली आहे. त्या वाकड्या करंगळीभोवती रेघही वाकडी होऊन फिरली होती.

"झालं," मी म्हटलं. "ऊठ."

ती उठली नाही. मला वाटलं, सोंग करतेय. मग जाणवलं की घरातून आवाजच येत नाहीत. स्वयंपाकघरात आत्ता भांडी वाजत होती, ती नाही, रस्ता नाही, माझ्याच पायांखाली करकरणारं स्टूल नाही.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हातातला ट्रे अगदी सावकाश खाली ठेवला.

"उठवा तिला... हात धरून बाहेर ओढा. रेघेच्या बाहेर."

तिचा हात थंड होता, भिंत लागावी तसा. मी जोर लावून ओढलं तेव्हा कुठे तिने डोळे उघडले आणि भर झोपेतून उठवल्यासारखं वैतागून म्हणाली, "का उठवलंस?"

मी बाईंकडे पाहिलं. ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस खांदे हलवून बघतो, तसे त्या खांदे हलवून बघत होत्या. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

"मी सांगून गेले होते," त्या म्हणाल्या. "खरं सांगून गेले होते."

मग त्यांनी जे सांगितलं ते गणित समजावल्यासारखं, क्रमाने. चित्रकारांनी घर घेतलं तेव्हा ही खूण सतरंजीखाली होती. ते गंमत म्हणून तिच्यात झोपले. ते पायाने अधू होते. रेघ त्यांच्या मापाची झाली, एका आखूड पायासकट. पुढे मासिकाचं काम मिळालं, खूण समोरच होती, त्यांनी तीच रंगवली. एका महिन्यात अंक निघाला नाही म्हणून चित्र काढलं नाही. महिना संपता संपता ते ह्या खुणेत पडलेले सापडले, श्वास जेमतेम. नाना उपाय झाले. शेवटी, ते एवढंच काढायचे म्हणून, त्यांच्या बायकोने जळक्या काडीने पाकिटाच्या पाठीवर तसलं प्रेत काढलं आणि ते उठून बसले.

"ह्या खुणेला दर महिन्याला कोणीतरी पडलेलं लागतं," बाई म्हणाल्या. "चित्रातलं चालतं. चांगलंच हवं असं नाही. नसलं तर ज्याचं माप आहे तो."

"मग ती कोपऱ्यातली चित्रं..."

"माझी. सासऱ्यांचा हात लुळा पडला. त्यांनी मला लेकीसारखं सांभाळलं होतं. त्यांना अंथरुणात, माणसासारखं मरण यावं असं वाटलं. म्हणून मी झोपले. फरशी बदलून पाहिली, घर सोडून पाहिलं, सगळं झालंय करून. दुसरं कोणी झोपलं तरच पहिला सुटतो."

"म्हणजे आता हिचं..."

"हो."

धाकटी बिचारी ट्रेमधला चहा पीत होती. "काकू, तुम्ही गोष्टी छान सांगता," ती म्हणाली, पण रेघेपासून लांब सरकून.

त्या चहाचं म्हणाल तर, बाई मुद्दाम आत गेल्या का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. खूण मात्र धाकटीची झाली होती, ती करंगळी मला दिसत होती. मी कॅमेरा ठेवला, चपला काढल्या आणि जाऊन खुणेत पालथी पडले.

जमीन गार लागली नाही, एवढं आठवतं. उलट खूप वेळ उभं राहून पाठ टेकावी तसं वाटलं. धाकटी ओरडत होती, "ताई, वेड लागलंय का तुला!" तो आवाज शेजारच्या घरातून यावा तसा येत होता. मला उठायचं नव्हतं. नंतर दोघींनी मला ओढून काढलं. रेघ माझी झाली होती.

एवढंच. बाई दुसऱ्या गावी राहायला गेल्या, घर मला दिलं, आणि मी ते संग्रहालय केलं. दर महिन्याला एक चित्र काढते. खोटं कशाला बोलू, मला त्याचं फारसं दुःख नाही. जी कला संपली म्हणून मी हळहळत होते ती माझ्या हातून चालू आहे, आणि माझी बहीण रोज ऑफिसला जाते, भांडते, उशिरा उठते. प्रबंधातलं ते प्रकरण मात्र मी छापलं नाही. आतल्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली ही इथे, माझ्या गळ्यात.

मागच्या महिन्यात मला ताप आला. साधा नाही, शुद्ध हरपलेली. धाकटी घरी माझ्या उशाशी बसून होती, कपाळावरच्या घड्या बदलत. ताप उतरला त्या सकाळी तिला तारीख दिसली आणि तिच्या हातातून भांडं पडलं. महिना उलटून गेला होता. चित्र काढलेलं नव्हतं.

"तू इथेच होतीस," ती सारखी म्हणत होती. "ताई, मी क्षणभर उठले नाही. तू इथेच होतीस."

आम्ही तशाच इथे आलो. कुलूप लावलेलं होतं. उघडलं. ईझलवर चित्र होतं, पुरं झालेलं, रंग ओला. मी काढलेलं नाही. बाईंना फोन केला, त्यांनीही नाही. चित्रात खूण माझीच आहे, पण तिच्यात एक माणूस आहे. पिकलेले केस, चौकड्यांचा शर्ट, बाजूला पडलेला चष्मा. आणि आजवरच्या कुठल्याही चित्रात नाही असं एक आहे. त्याचा चेहरा वर आहे. मी त्याला ओळखत नव्हते. तेव्हापासून रस्त्यात चौकड्यांचा शर्ट दिसला की माझे पाय थबकायचे. सापडला तर सावध करू, एवढंच मनात. काय सांगून सावध करायचं ते माहीत नव्हतं.

काल दुपारी तो आला. तिथे दारात उभा राहिला, चष्मा पुसत, चांगला धडधाकट. आवाज मऊ.

"मुखपृष्ठांचं प्रदर्शन हेच ना?"

"आज बंद आहे," मी कशीबशी म्हणाले. "तुम्ही... कृपा करून इथे येऊ नका."

"असू दे, असू दे. मी एकदा पाहून गेलोय. मागच्या महिनाअखेरीस. आतलं दार उघडं होतं आणि तुम्ही जमिनीवर गाढ झोपला होतात. म्हटलं, कशाला उठवा."

"मी नव्हते ती. मी तापाने घरी पडले होते. बहिणीला विचारा..."

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला नीट न्याहाळलं.

"असं कसं?" तो म्हणाला. "तुम्हीच तर सरकून मला जागा करून दिलीत."