जुन्या झिलचं वायरिंग

"हिला कोणी बोलावलं?"

असानकोजोने हे विचारलं तेव्हा झूराकान अवजारांची पेटी हातात घेऊन अंगणाच्या फाटकाशी उभी होती. बारा वर्षांनंतर वडिलांच्या तोंडून तिच्याविषयी निघालेलं हे पहिलं वाक्य होतं... आणि तेही तिच्याशी बोलून नव्हे, सुनेकडे तोंड करून.

"मी बोलावलं, आके," सोनुन म्हणाली. सासऱ्यासमोर तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला होता, पण आवाज मात्र खाली केला नव्हता. "तुमच्या ट्रकच्या डॅशबोर्डवरचा एकही काटा जागचा हलत नाही. दिवे लावले तर लागलेत का ते बघायला काडी ओढावी लागते. चार दिवसांनी मेंढ्या घेऊन वर कुरणावर निघायचंय, माझी पोरं मी या ट्रकमध्ये अशी बसवणार नाही."

"मिस्त्री येऊन गेला ना?"

"येऊन गेला. म्हणाला, ट्रक पुरून टाका आणि वर दगड लावा."

म्हाताऱ्याने काठी आपटली. मोतीबिंदूने धुरकटलेले डोळे एकदा फाटकाच्या दिशेने वळले, मग तो अंगणातल्या जुन्या रशियन झिल ट्रकजवळच्या बाकावर जाऊन बसला. 'हो' म्हणाला नाही, 'नाही'ही म्हणाला नाही. झूराकानने पेटी खाली ठेवली.

हाच ट्रक, आणि हेच हात! बारा-तेरा वर्षांची असताना ती वडिलांच्या मांडीला मांडी लावून या डॅशबोर्डखाली शिरायची, आणि तो कौतुकाने शेजाऱ्यांना सांगायचा, पोरगा थोडा उशिरा झाला, पण ट्रकची पोरगी मला आधीच मिळाली. तालाय, तिचा धाकटा भाऊ आणि आता सोनुनचा नवरा, तेव्हा पाच वर्षांचा होता.

मग बारा वर्षांपूर्वीची ती शरद ऋतूतली दुपार आली. असानकोजो तापाने फणफणलेला, म्हणून कुरणावरून मेंढ्या आणि आईला खाली आणायला वीस वर्षांचा तालाय ट्रक घेऊन गेला होता. घाटाच्या शेवटच्या वळणावर ब्रेक लागले नाहीत. ट्रक उलटला. तालायच्या कपाळाला खोक पडली, आणि आई, त्यांची आपा, नारीन शहरातल्या इस्पितळात तीन दिवस तेवढी जगली.

ब्रेकची हवा कमी झाली की वाजणारा बझर त्या दिवशी वाजला नव्हता. का वाजला नाही, हे आपाला माहीत होतं आणि झूराकानला. शेवटच्या संध्याकाळी आपाने लेकीचं मनगट घट्ट धरलं होतं. "तालायनेच बंद केला गं... पण तुझ्या बापाला कळलं तर तो त्याला उंबऱ्यात उभा करणार नाही, आणि हा पोरगा कुठेतरी नदीत उडी घेईल. तू सोसशील, झूरा. तो मोडेल."

मातीनंतर तिसऱ्या दिवशी, सगळ्या भाऊबंदांसमोर, झूराकानने वडिलांना सांगितलं, की बझरची तार मी दुरुस्तीसाठी सोडली होती आणि जोडायला विसरले. असानकोजोने तिला मारलं नाही, शिवीही दिली नाही. "माझ्या गाडीला पुन्हा हात लावू नकोस," एवढंच म्हणाला, आणि त्या क्षणापासून लेक त्याच्या लेखी उरली नाही. ठरलेलं लग्नही मोडलं. आईच्या जिवावर उठलेली मुलगी कोण घरात घेणार? नारीनच्या बाजारात एका पत्र्याच्या खोक्यात तिने गाड्यांच्या विजेचं काम सुरू केलं, आणि एकाकी आयुष्याचं ते मूक ओझं कुणाच्याही खांद्यावर न टेकवता ती वाहत राहिली...

दोन दिवस तिने काम केलं. पुढचे पिवळट, गंजलेले दिवे उतरवून नवे एलईडी बसवले. त्यांची वीज जुन्या बटणातून जाऊन ते पुन्हा वितळू नये म्हणून वेगळे रिले लावले. तेलाचा, पाण्याच्या तापमानाचा, पेट्रोलचा, असा एकेक काटा डॅशबोर्डमध्ये बसला. सोनुन चहा आणून द्यायची. तालाय सांगितलेली अवजारं हातात द्यायचा, पण बहिणीच्या, त्याच्या एजेच्या, डोळ्यांना डोळा भिडवत नव्हता. आणि बाकावरचा म्हातारा, दिसत नसूनही, प्रत्येक पान्याच्या आवाजाकडे कान लावून बसला होता.

"तेरा नंबरचा पाना वापरतेस," तो दुसऱ्या दिवशी अचानक म्हणाला. "तिथे बारा लागतो."

"नवे नट तेराचे आहेत, आके."

"हं."

एवढंच. पण झूराकानला डॅशबोर्डखाली डोकं घालून बराच वेळ तसंच राहावं लागलं, कारण डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने जुन्या तारांची सगळी जुडी खेचून बाहेर काढली. असानकोजो काठी टेकत आला. त्याने ती जुडी मांडीवर घेतली आणि म्हाताऱ्या बोटांनी एकेक तार चाचपू लागला, जणू जुन्या मित्राचा हात धरला होता. एका जागी बोटं थांबली.

"ही बझरची."

झूराकानने हातातली पक्कड खाली ठेवली.

"तू म्हणालीस, सोडली होती." त्याने तारेचं टोक पुन्हा चाचपलं. "सोडलेल्या तारेला टोकाशी कडी असते. ही चाकूने कापलीय. तिरकी, घाईत. टेप गुंडाळून मागे खोचलीय. उलटलेली गाडी पुन्हा उभी केली तेव्हा मी रागाने या तारेकडे बघितलंही नव्हतं... मी शिकवलेल्या माणसाने आयुष्यात तार अशी कापली नसेल."

"मीच कापली, आके. घाईत होते."

"खोटं बोलू नकोस. तुला ते तेव्हाही येत नव्हतं."

तालायच्या हातातला दिवा खाली पडला. तो गुडघ्यांवर बसला. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, लहान मुलासारखा बोलू लागला. "मी कापली, आके. सारखा वाजत होता... आपा म्हणाली, थांबू या, हवा भरू दे. मी म्हटलं, नुसताच बोंबलतोय. आणि एजेने माझ्यासाठी... मी बारा वर्षं रोज ठरवायचो, आज सांगेन म्हणून."

सोनुनने तोंडावर रुमाल धरला. म्हातारा काठी उगारेल असं सगळ्यांनाच वाटलं. त्याने ती उचललीही, मग हळूच ट्रकला टेकवून ठेवली.

"तुला गप्प राहायला कोणी सांगितलं?" त्याने लेकीला विचारलं.

"आपाने."

"का?"

"तुमची भीती वाटायची तिला."

असानकोजोने तारांची जुडी बाजूला ठेवली. छत्तीस वर्षांच्या संसारात ज्या बाईने त्याला कधी उलटून उत्तर दिलं नाही, तिच्या त्या नम्रतेचा अर्थ त्याला आज कळत होता... मरताना तिला पोराला वाचवायचं होतं, आणि ते त्याच्यापासून. "बरोबर ओळखलं होतं तिने मला," तो पुटपुटला. "हाकललं असतं मी त्याला. आणि तुला हाकललंच." मग तालायकडे वळून म्हणाला, "ऊठ. कुठे जाऊ नकोस. या घरातून आता कोणी जायचं नाही."

संध्याकाळी काम संपलं. झूराकानने बटण दाबलं आणि अंगण, गोठा, पलीकडची मातीची भिंत पांढऱ्या प्रकाशात उजळून निघाली. मुलं ओरडत धावली. म्हातारा दिव्यांसमोर येऊन उभा राहिला.

"दिसतंय का, आके?"

"उजेड दिसतो. तू दिसत नाहीस. जवळ ये."

ती गेली. त्याने तिचं तोंड ओंजळीत धरलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवली. त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. चाळिशीच्या तिच्या गालांवरच्या रेषा त्याच्या बोटांना आज पहिल्यांदाच लागत होत्या, आणि प्रत्येक रेषेपाशी त्याचा हात अडखळत होता.

"मला क्षमा कर असं म्हणायला तोंड नाही मला," तो म्हणाला.

"नका म्हणू. थंडी वाजतेय तुम्हाला, आत चला."

कुरणावर निघायच्या सकाळी मेंढ्या चढवून झाल्या. सोनुन मुलांना घेऊन शेजाऱ्याच्या मोटारीने तंबू उभारायला पुढे गेली होती. असानकोजोने किल्ली लेकीच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी चढून बसला. तालाय कुणी न सांगता मागे वळला, मेंढ्यांमध्ये बसायला.

झूराकानने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तालाय, पुढे ये. आकेंना जरा सरकायला सांग, तिघं मावतो आपण."