हुंदके देणारा बोअर

‘बोअरचं प्रकरण आहे,’ असं मंजुषाने सांगितलं तेव्हा मोतीरामला आधी बारा बोअरची बंदूक आठवली. भाचीच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत कामाला लागल्यापासून हा मामा असाच, उगाचच घाबरायचा. मखमलाबादच्या मळ्यात पोचल्यावर कळलं, बोअर पाण्याचा आहे आणि तोही आटलेला. पण तो दिवेलागणीला रडतो म्हटल्यावर बंदूक परवडली, असं त्याला वाटलं.

मळ्याच्या मालकाने, कोंडाजीने, सगळं सांगितलं. लेक छाया तापाने गेली आणि त्याच वर्षी बोअर आटला. आता त्याची बायको सरुबाई रोज तिथे बसून लेकीशी बोलते, अन्नाला शिवत नाही. त्या बोअरपासून लांब नेलं तरच ती जगेल म्हणून तो उद्या मळा मातीमोल भावात पुतण्याला, जीवनला, देणार होता.

छाया रोज बोलते का, असं मंजुषाने सरुबाईला विचारलं.

“काल नाय बोलली. लाइट गेली व्हती ना. अंधाराला लय भ्यायची ती.”

बांधापलीकडे जीवनची कोथिंबीर हिरवीगार होती. कॅनॉलचं पाणी, तो म्हणाला. येताना त्या कॅनॉलमध्ये पोरं क्रिकेट खेळताना मोतीरामने पाहिली होती, पण ते त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

दिवे लागले आणि जमिनीतून आवाज आला. लांब, घोगरा, थांबून थांबून येणारा. मोतीराम मंजुषाच्या मागे सरकला. मंजुषाने बोअरच्या तोंडावर रुमाल धरला, तो फुगून हातातून उडाला. मामा रामनाम घेऊ लागला. तिने रुमाल उचलून त्याच्या नाकाशी धरला.

“कसला वास, मामा?”

“ऑइलचा,” तो पुटपुटला.

तिने सगळ्यांना जीवनच्या शेडपाशी नेलं.

“भुताला वीज लागत नाही. हे मात्र लाइट गेली की गप्प. कॅनॉल कोरडा, तरी कोथिंबीर हिरवी. म्हणजे जीवनने चोरून बोअर मारलाय आणि त्यावर कॉम्प्रेसर बसवलाय. पाणी वर काढायला तो खाली हवा सोडतो. तीच हवा, ऑइलच्या वासासकट, खडकाच्या भेगांतून तुमच्या रिकाम्या बोअरमध्ये येते आणि घुमते.”

शेडचं दार उघडलं. आत कॉम्प्रेसर धडधडत होता. आवाज पहिल्यांदा योगायोगानेच झाला, जीवनने कबूल केलं; काकूला त्यात छाया ऐकू येते हे कळल्यावर तो मुद्दाम दिवेलागणीला मशीन लावू लागला. कोंडाजीने सौदा मोडला. जीवनने खटका पाडला तसा बोअर गप्प झाला.

सरुबाईने कान देऊन बराच वेळ वाट पाहिली. मग ती जीवनजवळ गेली आणि तिने त्याचा हात धरला.

“मळा तू घे, बाबा. पण दिवे लागले का ते मशीन चालू करीत जा.”