शेवटच्या बिळापाशी

दिवा मोठा करायचा असेल तर आत्ताच करा, मग मध्ये कोणी उठायचं नाही. पुतणेबुवा, गालातल्या गालात हसताय ते दिसतंय मला. मी थापा मारतो हे कबूल. पण हे घडलंय माझ्या मेहुणीच्या बाबतीत, आणि ती बाई माझ्यासारखी नाही.

तिचं काम बिज्जू मोजण्याचं. बिज्जू म्हणजे कुत्र्याएवढं जनावर, पाठ राखाडी, पंजाला लांब नखं. रात्रीच बाहेर पडतं, सहसा दिसत नाही. म्हणून त्याची बिळं मोजायची. बिळाच्या तोंडाशी बारीक रेती चाळून पसरायची आणि सकाळी पावलं उमटलीत का बघायचं. टेकडीवर चाळीस बिळं होती, त्यांची अकरा झाली. यंदा दहा बिळांपुढची रेती कोरीच्या कोरी.

तिच्या खात्याचे साहेब म्हणाले, "शून्य लिहून टाका. टेकडीतून रस्ता काढायचाय."

"एक बीळ राहिलंय."

"एका बिळानं काय होतंय, बाई?"

"शून्य होत नाही," मेहुणी म्हणाली.

सतरा नोव्हेंबर, मंगळवार. साडेदहाला तिनं त्या बिळापुढे रेती पसरली आणि वीस पावलांवर धोंड्याला टेकून बसली. अंधार असा, की स्वतःचा हात दिसेना. एक वाजून दहा मिनिटांनी शेजारी कोणीतरी खोकलं.

खोकला ओळखीचा होता. हे काम तिला शिकवणाऱ्या काकांचा.

काका वारून दोन वर्षं झाली होती.

तिनं मान वळवली नाही. तरी म्हणाली, "काका, तुम्ही गेलात. तुम्हाला मोजणीत धरता येणार नाही."

परत तोच खोकला. मग...

"लिहिलंस शून्य?"

"नाही. लिहिणारही नाही."

"पलीकडच्या टेकडीवर... मी गेलोच नव्हतो गं. घरी बसून भरलं शून्य..."

ती टेकडी आता नाही. खाण आहे. खोदताना मातीबरोबर बिळांतलं काय काय वर आलं, ते मेहुणीनं पाहिलं होतं. तिची भीती तिथेच संपली आणि टाळकं सरकलं.

"मग मला कशाला घाबरवता? हिंमत असेल तर साहेबांना जाऊन भेटा. मी इथून हलायची नाही."

खोकला नाही. श्वास नाही.

बिळाकडे नुसतं... खरवडल्यासारखं.

ती बसून राहिली. उजाडेपर्यंत.

सकाळी रेतीवर पावलं होती. पाच बोटं, पुढे नखांच्या लांब रेघा. ताजी, बिळातून बाहेर येणारी.

अशा पावलांचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवतात, नाहीतर साहेब लोक म्हणतात कुत्रा असेल. काका पट्टी कधीच नेत नसत. पावलाशेजारी आपला पंजा दाबायचे, म्हणायचे, हीच माझी पट्टी. मेहुणी पट्टी काढून वाकली... आणि तशीच थांबली.

तिनं पट्टी न ठेवताच फोटो काढला, तोच जोडला, कागदावर 'एक' लिहिलं आणि सही ठोकली. रस्ता अजून अडलाय.

"हात कोणाचा हा?" साहेबांनी विचारलं.

"ज्यानं मोजलं त्याचा."

मी फोटो पाहिलाय. बिज्जूच्या पावलाला लागून माणसाचा पंजा, चांगला रुंद, रेतीत खोल दाबलेला.

आणि चारही बाजूंना, कुठेही, माणसाचं एकसुद्धा पाऊल नाही.