दोन हिसके

दार लोटून घ्या आणि बसा. मध्येच कुणी उठायचं नाही. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली, त्याला मी चांगला ओळखत होतो. आम्ही त्याला दोरवाला म्हणायचो.

उंच इमारतींना बाहेरून रंग देणारी माणसं जोडीनं काम करतात. एक जण फळीवर बसून खाली लटकतो, दुसरा गच्चीवर दोरापाशी. ज्यानं लटकायचं त्यानं दोर निवडायचा. वरच्यानं दोरावरचा हात काढायचा नाही. कठड्याच्या धारेवर दोर घासू नये म्हणून मध्ये पोत्याची घडी ठेवतात. ती सरकली तर वरच्यानं सारखी करायची. खालच्याच्या मनात शंका आली की तो दोराला दोन हिसके देतो. म्हणजे, "आहेस ना?" वरचा एक हिसका देतो. म्हणजे, "आहे."

अकरा वर्षांपूर्वी मोठ्या शहरात एका इमारतीला पिवळा रंग देताना दोरवाल्याचा जोडीदार चौदाव्या मजल्यावरून पडला. दोर तुटला. गर्दी झाली, रडारड झाली, दोराकडे नीट कुणी पाहिलं नाही. दोरवाल्यानं सांगितलं, "दोर जुना होता. त्यानंच निवडला. मी नको नको म्हणत होतो." मेलेला माणूस उलट काय बोलणार?

जोडीदाराला एक मुलगी. ती मोठी झाली, आणि तिला बापाच्याच कंत्राटदाराकडे उंच इमारतींच्या काचा पुसायचं काम हवं होतं. अंगात धमक होती. कंत्राटदारानं तिला दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, "बापाला दोर कळला नाही, तुला काय कळणार?"

ती दोरवाल्याकडे आली.

"काका, तुम्ही बाबांबरोबर होतात. एकदा साहेबांशी बोला ना. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत."

आतून दोरवाल्याची बायको म्हणाली, "जा की! दिवसभर खाटेवर बसून अंडी उबवताय का?"

गेला. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. सकाळी आठला शहरात उतरला. कंत्राटदाराचं ऑफिस नऊ ते सहा. तो मनाशी म्हणाला, सकाळी साहेब कामात असतील, दुपारी जाऊ. याच शहरात त्यानं सहा महिने काम केलं होतं, पण शहर पाहिलं नव्हतं. भिंतीच पाहिल्या. आज पाहून घेऊ.

आधी संग्रहालयात गेला. रांग सरळ राहावी म्हणून पितळी खांबांना जाड दोरी बांधली होती. त्यानं तिच्यावर सहज हात ठेवला. दोरीला हिसका बसला. मग आणखी एक.

पहारेकरी ओरडला, "ओ काका, दोरी ओढू नका!"

"मी कुठं ओढतोय?"

"मग काय माझी आजी ओढतेय?"

लोक हसले. तोही हसला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं.

दुपारी मोठी बाग पाहिली. झाडाला एक झोपाळा टांगला होता, त्याच्या दोराला धरून तो जरा टेकला. दोन हिसके. वर पाहिलं. फांदी स्थिर होती. ऑफिस तिथून चार रस्ते पलीकडे. पाय मात्र उलट्या दिशेनं चालले. खाई त्याला खवखवे. खरं सांगावं तर आपलं तोंड काळं, आणि पुन्हा खोटं सांगावं तर त्या पोरीचं वाटोळं. पूल पाहायला गेला. मग नदीतली कारंजी. तीही पाहिली आणि काही दिसलं नाही. सहा वाजून गेले. ऑफिस बंद झालं असणार. त्याला हायसं वाटलं. हे त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं, खाली मान घालून.

मग तो मनोऱ्यावर गेला. शहरातलं सगळ्यात उंच ठिकाण. सात चाळीसला लिफ्ट वर पोचली. लोक फोटो काढून भराभर खाली गेले. हा एकटाच राहिला.

खाली सगळं शहर दिव्यांनी पेटलं होतं.

त्याला ते ओळखीचं वाटलं. त्या संध्याकाळीही असेच दिवे लागले होते. गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून शहर फार छान दिसतं, असं कुणीतरी म्हणालं होतं. म्हणून तो गेला होता. दोर सोडून. फार नाही... दहा मिनिटं.

वारा थांबला.

त्याचे दोन्ही हात मोकळे होते. कठड्याला टेकलेले नव्हते. खिशातही नव्हते.

उजव्या हाताला हिसका बसला.

मग दुसरा.

त्यानं मूठ मिटली. मुठीत काही नव्हतं. पण ओझं होतं. माणसाएवढं. ते खाली ओढत होतं. कठड्याकडे. एक पाऊल. आणखी एक.

दोन हिसके.

त्यानं रीतीप्रमाणे एक हिसका दिला. आहे.

खालून काहीच नाही... बराच वेळ.

मग पुन्हा दोन. सावकाश.

छाती कठड्याला लागली. खाली पाहायची हिंमत होईना.

पुन्हा दोन...

"नव्हतो," तो म्हणाला. "नव्हतो रे मी... शहर बघायला गेलो होतो."

हात हलका झाला.

तो लिफ्टसाठी थांबला नाही. जिन्यानं उतरला. पोरीनं दिलेल्या चिठ्ठीवर कंत्राटदाराच्या घरचाही पत्ता होता. सव्वानऊला त्यानं दार वाजवलं. कंत्राटदार जेवणावरून उठून आला.

"अरे, तू? इतक्या वर्षांनी? आत ये."

"आत येत नाही. दोर नवा होता, साहेब. त्यानं चांगलाच निवडला होता. पोतं सरकलं आणि मी जागेवर नव्हतो."

आतून कंत्राटदाराच्या बायकोनं विचारलं, "कोण आहे हो?" त्यानं दार मागं ओढून घेतलं. म्हणाला, "पोरीला उद्या पाठव. तुझं तोंड पुन्हा दाखवू नकोस." ती आजही तिथं काम करते. तिच्या हाताखाली चार माणसं आहेत.

दोरवाला वळला. तेवढ्यात कंत्राटदारानं त्याचा उजवा हात धरला, दिव्याखाली नेला. तळव्यावरून आडवं सालटं निघालं होतं. दोर हातातून भरधाव सरकला की निघतं, तसं.

"आज कुठं कामाला होतास?"

"अकरा वर्षांत कामाच्या दोराला हात लावलेला नाही, साहेब."

जखमेत एक धागा अडकला होता. कंत्राटदारानं तो चिमटीत धरून ओढून काढला. नव्या दोराचा होता. करकरीत. त्यावर पिवळा ठिपका.

कंत्राटदारानं बोटं उघडली.

बोटांना रंग लागला होता. ओला.