परंड्याच्या तांबटाचं चित्र

सन दोन हजार तेवीस, ऑक्टोबर महिना. सोयाबीन निघालं होतं, ऊन मात्र हटत नव्हतं. परंड्याचा फ्रेमवाला कल्याणप्पा माझ्या ओळखीचा. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं, तेच सांगतो. मधे बोलू नका.

महारुद्र तांबट हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. महारुद्रच्या घरी एक शिळाछाप चित्र होतं, दीडशे वर्षांपूर्वी दगडावर काढून कागदावर उतरवलेलं. त्यात त्याचे खापरपणजोबा मांडी घालून घागर ठोकत बसलेले. त्यांची दुसरी कसलीच खूण घरात उरली नव्हती. दर खंडेनवमीला हातोड्यांशेजारी ते चित्र ठेवून पूजा व्हायची. काच तडकली म्हणून महारुद्रनं ते कल्याणप्पाकडं दिलं.

कल्याणप्पानं ते कुर्डुवाडीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दिलं आणि बदल्यात दुकानासाठी काचेचं कपाट आणलं. महारुद्रला रंगीत झेरॉक्स नव्या काचेत बसवून दिली.

"आजोबा लई उजळले की रं," महारुद्र म्हणाला.

"आंघोळ घातली त्यांना."

दोघं हसले.

खंडेनवमी आली. सोमवार, तेवीस तारीख. महारुद्रच्या घरी कल्याणप्पा जेवायला गेला, त्या झेरॉक्सला हातही जोडून आला. त्या दिवशी पुजलेल्या हत्याराला तांबट हात लावत नाही. सगळी तांबटआळी गप्प असते.

रात्री पावणेदोनला कल्याणप्पा जागा झाला. तांब्यावर हातोडी पडत होती. खाली. त्याच्याच बंद दुकानात.

तो जिना उतरला. दिवा लागेना. कपाटापुढं कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. ठोक… ठोक…

महारुद्रच असेल म्हणून त्यानं हाक मारली.

ठोक थांबली.

"पूजा घरी झाली… आन् मी कुठं हाय?"

आवाज म्हाताऱ्याचा.



अंधारातून घागर पुढं आली.

"धर."

त्यानं धरली. गार होती…

पुढचं त्याला आठवत नाही.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं कपाट टेम्पोत घातलं, कुर्डुवाडीला परत केलं आणि चित्र सोडवून आणलं. संध्याकाळी लोक सोनं वाटत फिरत होते, तेव्हा तो महारुद्रच्या दारात उभा राहिला. सगळं कबूल केलं.

"तू दिलंस म्हणून म्या नीट बघितलं पण न्हाय," एवढंच महारुद्र म्हणाला.

कल्याणप्पानं चित्र पुढं केलं. त्याच्या उजव्या तळहातावर बारीक गोल खळगे उठले होते, ओळीनं, हातोडीनं ठोकून मठारलेल्या घागरीवर असतात तसे. ते अजून गेलेले नाहीत. मी पाहिलेत.

महारुद्रनं तो हात पाहिला. चित्र घेतलं. सोनं दिलं नाही. दार लावून घेतलं.

चित्राचं देणं तेवढं फिटलं.