सातव्या मीटरवरचं बुचाचं झाड

इचलकरंजीच्या जुन्या सायझिंग चौकात गेले काही महिने लोक तारखा झाडावरून सांगत. गणपती बसले तेव्हा बुचाचं झाड पानपट्टीपाशी होतं. हावळांच्या सुनेला मुलगी झाली त्या दिवशी ते पोस्टाच्या पेटीसमोर आलं होतं. कडेच्या दगडांवर कुणीतरी रंगाने रेघा मारून खाली नोंदी करून ठेवल्या होत्या. शीतल चहावाल्याची नवी शेगडी, शाळेची सहल, आणि दिवाळीच्या रेघेखाली नुसतंच ‘फुललं’.

एकोणीस दिवस मात्र नवी रेघ पडली नव्हती. झाड थांबलं होतं.

डॉ. सानिका मगदूम रोज सकाळी साडेसातला येऊन झाडाखालच्या पोलादी पाटाचा आकडा वाचत असे. या पाटाला तिने सरकपाट नाव दिलं होतं. तो दिवसाला चार सेंटिमीटर पुढे जाई, तेही झाडाची परवानगी असेल तरच. परवानगी म्हणजे ताण. मागची मुळं जमिनीला धरून असली तर पाटावरचा ताण वाढे आणि यंत्र आपोआप थांबे.

सारा शोध त्या मागच्या मुळांचाच होता. फाल्गुनात झाड पान गाळतं तेव्हा ते तुटत नाही. देठाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि पान सुटतं. मुळांमध्येही असा थर घडवून आणणारा जिवाणू सानिकाला सापडला होता. माती कोरडी पडली की त्या बाजूची मुळं झाड स्वतःहून सोडून देई. तिने या क्रियेला मूळगळ म्हटलं. मागे कोरडं, पुढे उसाच्या चिपाडाचं खत भरलेला ओलसर चर. मागची मुळं गळत, पुढची रुजत आणि मधलं झाड न मोडता, न झुकता पुढे सरकत राही.

जुलैत निघालेल्या झाडाला नऊ मीटर जायचं होतं. रस्ता रुंद होणार होता आणि बंद पडलेल्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ द्यायच्या कारखान्याच्या, आवारात झाडासाठी जागा मिळाली होती. मुदत एकतीस मार्चची. तोवर झाड नव्या रस्त्याच्या रेषेपलीकडे गेलं नाही तर ते तोडायचं, असं करारात स्पष्ट लिहिलं होतं आणि खाली सानिकाचीच सही होती. सात मीटर झाले होते. उरलेल्या दोन मीटरांना पन्नास दिवस लागणार होते आणि हाती फक्त साठ.

मातीतले संवेदक सांगत होते की मागची बाजू ओली आहे, रोज सकाळी नव्याने ओली. पाऊस संपून तीन महिने झाले होते. सानिकाला जलवाहिनी गळत असेल असं वाटलं. दोन दिवस खोदकाम झालं; वाहिनी ठणठणीत निघाली. तिने जिवाणूंचे नमुने तपासले, ते जिवंत होते. शेवटी सगळी उपकरणं घरी ठेवून ती पहाटे साडेपाचला शीतलच्या टपरीच्या आडोशाला, बाकावर शाल पांघरून बसली.

पहिले आले रसूलचाचा मोमीन. चाळीस वर्षं जॉबर म्हणून यंत्रमाग दुरुस्त केलेला माणूस. अजूनही चालताना आवाजाकडे कान देऊन चालत. फजरची नमाज आटोपून येताना त्यांच्या हातात पाण्याचा डबा होता. ‘या बाजूस पाणी घालू नये’ या फलकाला वळसा घालून त्यांनी डबा मागच्या भेगाळलेल्या मातीत ओतला, बुंध्यावर दोनदा थाप मारली आणि निघून गेले. ते वळणाआड होताच इंदूमावशी हावळ तांब्या घेऊन आल्या. मग पोस्टमन. मग शीतलने स्वतः, कालच्या पिंपातलं उरलेलं पाणी. प्रत्येकजण इकडेतिकडे बघून ओतत होता. आठ वाजेपर्यंत सानिकाने सतरा माणसं मोजली.

तिला आधी राग आला आणि मग हसू आवरेना. गेले एकोणीस दिवस ती ज्या गळतीचा शोध घेत होती, ती गळती सतरा घरांतून चालत येत होती.

संध्याकाळी तिने सगळ्यांना झाडाखाली बोलावलं. पाणी कोण घालतं, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. तेव्हा तिने पोस्टमनपासून नावं वाचायला सुरुवात केली. चौथ्या नावाला हशा पिकला.

रसूलचाचा मात्र हसले नाहीत. “बोर्ड मी वाचला होता, बाई,” ते म्हणाले. “मला वाटलं दुसऱ्यांसाठी असंल. सगळ्यांनीच घातलं तर झाडाला त्रास न्हाई का व्हायचा?”

“आणि मी काय म्हणत होते गेले सहा महिने?”

“तुमचं शास्त्र बरोबर असंल. पर भेगा बघवंनात. उपाशी ठेवून कुणाला चालवायचं म्हणजे...”

सानिकाने मुदतीची गोष्ट काढली. हे ओतलेलं पाणीच झाडाला धरून ठेवतंय आणि इथेच राहिलं तर एक एप्रिलला करवत येईल, हे तिने आवाज न चढवता सांगितलं. शीतलने उगाच कप विसळले. मागे पाणी घालू नका, एवढंच सांगून ती थांबली असती, तर उद्या पहाटे सतरांतले निदान दहा पुन्हा आलेच असते. हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. यांचे हात रिकामे राहणार नव्हते.

“पाणी घाला,” ती म्हणाली. “रोज घाला. फक्त पुढे घाला, आवारात. झाडाने जिथं यायला हवं तिथं.”

“तिथं झाड कुठाय?” रसूलचाचा म्हणाले. “नुसत्या मातीला पाणी?”

उत्तर इंदूमावशींनी दिलं. बत्तीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरून त्यांची बोटं वाकली होती, पण बुचाच्या फुलांची वेणी त्या अजून कुणापेक्षाही झटपट गुंफत. दिवसभर सूत हाताळणाऱ्या बायका सुटीनंतर इथेच बसून लांब देठांत देठ अडकवत. त्या वेणीला सूत लागत नसे, हाच तिचा आनंद. “चाचा, पान मांडल्याबिगर पावणा पाटावर बसतोय व्हय?” त्या म्हणाल्या. “उद्यापासनं तिकडं वाढायचं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आवाराच्या फाटकाशी रांग लागली. आता लपायचं कारण नव्हतं. खत वाहून जाऊ नये म्हणून सानिकाला माणशी एक तांब्या असा नियम करावा लागला. तो मोडला म्हणून पोस्टमनला सर्वांदेखत बोलणी बसली. फलक रसूलचाचांनी स्वतः उचलून मागच्या वाटेच्या मधोमध रोवला आणि वळसा घालणाऱ्यांवर पहारा सुरू केला. आठवा दिवस गेला तरी आकडा हलला नाही. नवव्या दिवशी, सहा फेब्रुवारीला, दहाला वीस मिनिटं कमी असताना सरकपाटाने लहानसा टक आवाज केला. तो सानिकाच्या आधी रसूलचाचांनी ऐकला. “माग चालू झाला,” ते म्हणाले. शीतलने रंगाचा डबा आणला, आणि त्या रेघेखाली काय लिहायचं यावर दुपारपर्यंत वाद चालला.

अठ्ठावीस मार्चला झाड आवारात पोचलं. बँड लावायचा नाही असं ठरलं होतं, तरी बँड आला.

जूनमध्ये रस्त्याचं काम तिथपर्यंत येण्याआधी सानिका जुनी वाट तपासायला गेली. अहवालात ‘झाडाचे सध्याचे स्थान’ अशी एक ओळ भरायची बाकी होती. गळलेली मुळं कुजलेली असणार, हे तिला प्रयोगशाळेतून ठाऊक होतं. सुरुवातीच्या सहा मीटरांत ती तशीच निघाली, काळी, हातात चुरा होणारी.

सातव्या मीटरच्या मागे मात्र हिरवं काहीतरी होतं. तिने वाकून मोजलं. वीतभर उंचीचे, कोवळ्या संयुक्त पानांचे सतरा कोंब! त्या एकोणीस दिवसांत ज्या मुळांना पाणी मिळालं होतं, ती सुटली खरी, पण मेली नव्हती.

बातमी चौकभर व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. डबे आले, फुटके माठ आले, पोस्टमनने टपालाची जुनी पेटीच आणली. कोंब सतरा आणि घरंही सतरा, हा योगायोग आहे असं सानिका सांगत राहिली आणि कुणीही ऐकलं नाही. रसूलचाचांनी आपला कोंब मातीसकट तेलाच्या डब्यात बसवला, दोन बोटांनी हलकी थाप दिली आणि विचारलं, “बाई, ह्यातलं आपलं झाड कुठलं म्हणायचं? ते, का हे?”

सानिकाने पेन उघडलं. समोर आवारात झाड उभं होतं, आणि तेच झाड डब्यांतून, माठांतून, कडेवरून सतरा वाटांनी घरोघर निघालं होतं. स्थानासमोर अहवालात एकच ओळ होती. त्या एकोणीस दिवसांत झाड अडून राहिलं होतं, असं ती आजवर समजत होती. की निघण्याआधी ते प्रत्येकासाठी काहीतरी मागे ठेवत होतं?