चौथा लाल धागा

"पुन्हा भोकं," ताई म्हणाली.

मावशीने काळ्या काचेचा मुखवटा कपाळावर सरकवला आणि टोकदार हातोडीने सांध्यावरचा जळका पापुद्रा टकटक उडवला. खालून जे निघालं ते वेल्डिंग कसलं, कसर लागलेलं कापडच. बारीक बारीक भोकं, मध्येच गाठ, मध्येच काही नाही. तिने जोडलेल्या दोन पट्ट्या जरा वाकवल्या. कट्‌ करून सुटल्या.

"काल दुपारी हेच मशीन होतं, हीच तार होती, हाच माझा हात होता," मावशी म्हणाली. "आणि काल दुपारचा सांधा बघा."

कालचा सांधा कसा, तर उशीच्या अभ्र्याला घातलेल्या टिपेसारखा. सरळ, एकसारखा, भरलेला. वाकवून वाकवून पट्टी वाकली, पण सांधा हलला नाही.

"मग रात्रीतून झालं काय?" वकील म्हणाला. वकील म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय बारा, पण कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य करायचा नाही, म्हणून हे नाव. सुट्टीला दोघं मावशीकडे आली होती. त्यांच्या मागे मागे दिवसभर फिरायची ती मावशीची नऊ वर्षांची मुलगी. तिला सगळे शेपटी म्हणत.

मावशी शिंपीण. दुकान वरच्या मजल्यावर, आणि वर यायला बाहेरून लोखंडी जिना. जिन्याचा कठडा गंजून गंजून गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या हातातच आला. घरमालकीणबाईंनी आता सांगून टाकलं होतं, "सोमवारी मी स्वतः येऊन बघणार. कठडा पक्का नसेल तर जिन्याला कुलूप." जिन्याला कुलूप म्हणजे दुकानाला कुलूप. कापड घेऊन कुणी खिडकीतून थोडंच येणार होतं.

खालच्या गल्लीत खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या जोडणाऱ्या जाळीवाल्या काकांकडे महिनाभराची कामं पडलेली. म्हणून मावशीने बाजारातलं सगळ्यात साधं, स्वस्त वेल्डिंग मशीन आणलं. याला गॅसचं नळकांडं लागत नाही. तारच आतून पोकळ, तिच्या पोटात पावडर भरलेली. ती पावडर जळते आणि वितळलेल्या लोखंडावर हवा लागू नये म्हणून पांघरूण घालते. तारेचं रीळ फिरतं, दोन चाकं तार पुढे सरकवतात, हातातल्या गनच्या तोंडातून ती बाहेर येते.

"शिलाई मशीनचीच बहीण की ही," पहिल्या दिवशी मावशी म्हणाली होती. तिथेच तिची पहिली चूक झाली. शिवताना कापड पुढे ढकलायची सवय, म्हणून तिने गनही पुढे ढकलली, आणि पापुद्रा सांध्यातच अडकला. मग मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं चित्र ताईला सापडलं. गन तिरकी धरून मागे ओढत न्यायची. मावशीने ते हाताला वळण पडेपर्यंत घोटलं. रंग आणि गंज घासून लोखंड चकचकीत करायचं, वीज परत नेणारा अर्थिंगचा चिमटा उघड्या लोखंडालाच लावायचा, हेही शिकली. हात घाई करू नये म्हणून मनात शिवणाचं गाणं म्हणू लागली:

*हळू चाल गं बाई सुई, पुढं कसली तुला घाई*
*मागं धागा चालतो गं, त्याची वाट बघ बाई*

दुपारी गाणं जमायचं. सकाळी तीच मावशी, तेच गाणं, आणि मशीन मात्र फट्‌ फट्‌, थांबून पुन्हा फट्‌. आज गुरुवार, आणि कठड्याचे अर्धे सांधे अजून बाकी.

"वेल्डिंग करताय की भरतकाम?" खालून आवाज आला. जाळीवाले काका जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून वर बघत होते.

"भरतकामच. तुमचं नाव काढतेय," मावशी म्हणाली. काका हसत निघून गेले.

"हे रोज येऊन उभे राहतात," वकील कुजबुजला. "संशयित नंबर एक."

कापड बेतायच्या खाकी कागदावर ताईने यादी केली. सकाळी शेजारचा पाण्याचा पंप चालतो, म्हणून वीज कमी पडत असेल. पण पंप दुपारीही चालायचा. रात्री तार दमट होत असेल. पण रीळ तर झाकणाच्या आत. सकाळी मावशी चहा न घेता काम करते. हे शेपटीने लिहायला लावलं होतं.

"चहाचा आणि भोकांचा काय संबंध?" वकील म्हणाला.

"चहा नसला की आई मला पण फट्‌ फट्‌ बोलते."

यादी लांबत गेली आणि डोकं जास्तच गरगरायला लागलं. प्रत्येक कारण पटायचं, आणि दुपार झाली की खोटं ठरायचं. ठरल्याप्रमाणे मुलं वेल्डिंगच्या वेळी जाड पडद्यामागेच असायची. तिथून काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. आणि ऐकता ऐकताच ताईच्या लक्षात आलं.

"ऐक. आता बारा वाजलेत. फट्‌ फट्‌ कमी होतंय. एकदम नाही थांबत, हळूहळू थांबतंय. म्हणजे सकाळी मशीनमध्ये काहीतरी असतं, आणि काम करता करता ते संपतं."

"काय असतं?"

"तेच तर कळत नाही ना."

संध्याकाळी काम थांबलं, मशीनची पिन भिंतीतून काढली, तेव्हा शेपटीने झाकणाच्या आत चाकांखाली पांढऱ्या अस्तराचा तुकडा अंथरून ठेवला. "काही सांडत असेल तर यावर सांडेल," ती म्हणाली. दोघांनी तिच्याकडे जरा आदराने पाहिलं.

शुक्रवारी सकाळी मावशी उठायच्या आत तिघांनी झाकण उघडलं. अस्तरावर दोन गोल डाग होते. शेपटीने नाक लावलं.

"आईच्या शिलाई मशीनचा वास येतोय."

वकिलाने चाकांमधली तार चिमटीत धरली. बोटं बुळबुळीत झाली. आणि तार गोल नव्हती, चपटी झाली होती. हलवली तर पोटातली पावडर भुरभुर खाली पडली.

"तेल," ताई म्हणाली. "कुणीतरी तेल घातलंय. आणि चाकांचा स्क्रू आवळलाय."

"जाळीवाले काका," वकील म्हणाला.

"दाराला आतून कडी असते."

"मग मावशीच. झोपेत."

ताईने चहा देता देता सहज विचारलं, "मावशी, मशीनना तेल तू कधी घालतेस?"

"मी? मला माझ्या केसांना तेल घालायला वेळ नाही. शिलाई मशीनचं मामा बघतो. संध्याकाळी मी तुम्हाला घेऊन भाजी आणायला गेले की येऊन जातो."

मामा म्हणजे मावशीचा थोरला भाऊ. उभा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेला. "तेलाने यंत्र कधी बिघडत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. हल्ली विसरायला फार लागला होता. म्हणून तेल घालून झालं की प्रत्येक मशीनला एक लाल धागा बांधायचा, म्हणजे दुसऱ्यांदा तेल पडायचं नाही. सकाळी ते धागे सोडून खिळ्याला अडकवायचं काम शेपटीचं.

ताईची नजर खिळ्याकडे गेली. तिने धागे मोजले. मग दुकानातली शिलाई मशीनं मोजली.

"शेपटे, मशीनं तीन. मग रोजचे धागे चार कसे?"

"चौथा त्या वेल्डिंगच्या मशीनच्या मुठीला असतो."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"मला सोडायला सांगितलंय," शेपटी म्हणाली. "मोजायला कुणी सांगितलं नाही."

वकिलाने कपाळाला हात लावला. "पण हा नुसता संशय झाला. तेलामुळेच भोकं पडतात, याला पुरावा काय? आणि मामाला तेल घालू नको म्हटलं, तर त्याला किती वाईट वाटेल."

हे मात्र सगळ्यांना पटलं. मामाने आयुष्यभर एकही यंत्र बिघडवलं नव्हतं.

"मग सांगायचं नाही. आधी करून बघायचं," ताई म्हणाली.

शुक्रवारी दिवसभर मावशीला शिवणकामच होतं; तिला एवढंच सांगितलं की चाकं तेलकट झालीत. सगळ्यांनी मिळून चाकं कोरड्या फडक्याने लख्ख पुसली, चपटी झालेली तार कापून टाकली. पुस्तिकेत लिहिलं होतं, की गन लाकडासमोर धरून बटण दाबलं तर तार वाकत वाकत बाहेर यावी, पण कुठे अडली तर चाकं जागच्या जागी घसरावीत, इतपतच स्क्रू आवळायचा. तसा तो सैल केला. मग संध्याकाळी, मामा यायच्या आधी, शेपटीने खिळ्यावरचा एक लाल धागा काढून वेल्डिंग मशीनच्या मुठीला बांधला. तिघं कपडे घालून बघायच्या खोलीत पडद्याआड दडली.

मामा आला. लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन एकेका मशीनजवळ बसला. "दमलीस ना," म्हणत पहिलीला दोन थेंब. "तुझा पट्टा कुरकुरतो गं," म्हणत दुसरीला. तिसरीला धागा बांधून तो चौथ्याकडे वळला आणि थबकला. धाग्याला हात लावला. कुपीकडे पाहिलं, डोकं खाजवलं.

"झालं होय तुझं? मला वाटलं राहिलं," तो मशीनला म्हणाला, आणि थोडा वेळ गोंधळून तसाच उभा राहिला. मग हळूहळू जिना उतरून गेला.

पडद्याआड कुणी हसलं नाही. शेपटीने ताईचा हात घट्ट धरला होता.

शनिवारी सकाळी तिघं जाड पडद्यामागे कान देऊन बसली. मावशीने गनचं बटण दाबलं. तापल्या तव्यावर पाण्याचा हात फिरवावा तसा एकसलग चर्र आवाज आला. फट्‌ नाही, थांबणं नाही. हातोडी वाजली. पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटून पडला.

"पोरांनो," मावशीचा आवाज बदलला होता. "इकडे या. हे काय केलंत तुम्ही?"

तेव्हा मग सगळं सांगितलं. मावशी मामाला घेऊन आली. मामाने अस्तरावरचे डाग पाहिले, चपटी तार पाहिली, भोकांचा सांधा आणि आजचा सांधा शेजारी शेजारी धरले.

"तेलावर चाकं घसरतात, मामा," ताई हळूच म्हणाली. "तार अडखळते. आणि तेल जळलं की त्याचा धूर वितळलेल्या लोखंडात भोकं पाडतो."

"मला वाटलं, नवीन आहे बिचारं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसेल. स्क्रूही दिवसभरात ढिला झालेला असायचा, तोही आवळत होतो," मामा म्हणाला. मग त्याने कुपी खिशात घातली आणि बाह्या वर केल्या. "कच्चे सांधे किती आहेत? घासायला मला द्या."

शनिवार गेला, रविवार गेला. मामा घासत होता, मावशी गाणं म्हणत ओढत होती, मुलं मोजून ठेवलेल्या पट्ट्या देत होती.

सोमवारी घरमालकीणबाई आल्या. बाईंचं वजन भरपूर. कठड्याला पाठ लावून त्या रेलल्या, मग दोन्ही हातांनी हिसडे दिले. कठड्याने हूं की चूं केलं नाही.

"कुलूप घरीच राहू दे," बाई म्हणाल्या.

पायथ्याशी जाळीवाले काका होतेच. ते वर आले, सांध्यावरून बोट फिरवत गेले. "भरतकाम म्हणालो होतो ना," ते मावशीला म्हणाले. "आता शब्द परत घेत नाही. मशीनचं दुखणं कुणी ओळखलं?"

मावशीने तिघांना पुढे केलं. घरमालकीणबाईंनी शेपटीच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी मामा आला. तीन मशीनना तेल दिलं, तीन धागे बांधले. चौथं मशीन कोरड्या फडक्याने पुसलं आणि म्हणाला, "तू कोरडंच बरं." मग मुलांना जवळ बोलावलं, आणि तेल घालून झालेल्या यंत्राला बांधायचा तो लाल धागा प्रत्येकाच्या सदऱ्याच्या वरच्या बटणाला बांधला.

शेपटीने मान वाकवून आपल्या बटणाकडे पाहिलं.

"तेल नाही ना घालणार?" तिने विचारलं.